हिवाळ्याचं पेव : इंग्लंडमधल्या इस्टेटींतली बर्फघरं आणि टेकडीवरच्या शोभेच्या वास्तू

ओलीवाट | १८ मे, रात्री १०:१५

आई गेल्या महिन्यात सांगलीहून आमच्याकडे आली. आम्ही एक्सेटरजवळ राहतो आणि घरी पाहुणे आले की त्यांना किलर्टनला न्यायचं हे ठरलेलं. अ‍ॅकलंड घराण्याची ही जुनी इस्टेट सर रिचर्ड अ‍ॅकलंड यांनी १९४४ साली नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. बंगला, बाग, शेतं, जंगल धरून सहा हजार एकरांच्या वर जमीन. बंगला बघायला तासभर पुरतो. माझा जीव रमतो तो मागच्या टेकडीवर.

चढाच्या वाटेवर झाडीत गवताने शाकारलेली एक झोपडी लागते. तिला ‘बेअर्स हट’, म्हणजे अस्वलाची झोपडी म्हणतात. १८०८ साली सर टॉमस डाइक अ‍ॅकलंड यांचं लिडिया होअरशी लग्न झालं, तेव्हाची ती. पुढे १८६०च्या दशकात घरातल्या एकाने कॅनडाहून काळं अस्वल आणलं आणि ते इथे ठेवलं, म्हणून हे नाव पडलं. आत गेलात की आधी पायाखाली बघा. कुठे लाकडाच्या ओंडक्यांच्या गोल चकत्या जमिनीत उभ्या ठोकल्या आहेत, कुठे गोटे आहेत, आणि एका खोलीची जमीन हरणांच्या सांध्यांच्या हाडांची आहे. शेकडो हाडं, गुळगुळीत गोल डोकी वर करून एकाला एक लावलेली. आई चप्पल काढून उभी राहिली. हाडांवर चप्पल घालून उभं राहवेना, म्हणाली.

तिथून पुढे मातीच्या उंचवट्यात एक दार आहे. बहुतेक लोक पुढे निघून जातात. ते बर्फघर. मेच्या उन्हातून त्या दारात वाकल्याबरोबर तोंडावर गार, ओलसर हवा आली, बंद माजघरासारखी. आई उंबऱ्याशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “अगं, हे तर पेवच की! हळदीच्या जागी बर्फ, एवढंच.”

पेव म्हणजे आमच्या सांगलीकडचा हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

बर्फघराची रचना सगळीकडे साधारण सारखी असते. जमिनीत विटांनी बांधलेला खोल खड्डा, अंड्यासारखा किंवा उलट्या शंकूसारखा, तळाशी निमुळता. वर विटांचाच घुमट आणि त्याच्यावर मातीचा ढीग. आत जायला अरुंद बोळ, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून, आणि त्या बोळात एकामागे एक दोन-तीन दारं. सावलीसाठी वर आणि भोवती झाडं लावायची. तळाला वितळलेलं पाणी वाहून जायला मोरी. थंडीत तळं गोठलं की बर्फ फोडायचा, गाड्यांत भरून आणायचा, आत ओतून धुमशाने ठोकून घट्ट करायचा आणि भिंतीच्या कडेने, वरून पेंढा भरायचा. एवढं नीट केलं की पुढच्या उन्हाळ्यात काय, त्याच्या पुढच्याही उन्हाळ्यात बर्फ मिळायचा.

किलर्टनचं बर्फघर १८०९ साली भरलं तेव्हा ३० माणसं ५ दिवस राबली आणि ४० टन बर्फ आत गेला. तो तीन वर्षं पुरेल एवढा होता. मी गणित मांडलं: माणशी रोज अडीचशे किलोच्या वर. तोही डेव्हनच्या जानेवारीत, ओल्या हातांनी, आजच्यासारखे रबरी मोजे नसताना.

झोपडी कुणासाठी बांधली, कुणाचं लग्न होतं, अस्वल कुठून आलं, हे सगळं आपल्याला माहीत आहे. बर्फ भरणाऱ्यांचा आपल्यापर्यंत पोचला तो फक्त आकडा. इस्टेटीच्या बागेत जे नुसतं बघायचं होतं ते टेकडीवर मांडलं आणि ज्याच्यावर स्वयंपाकघर चालायचं ते मातीखाली घातलं. मला वाटतं, दोन्ही एका दिवशी, एकापाठोपाठ एक बघायला हवं. इथल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना मी हेच सांगत असते: झोपडीपाशी जेवढा वेळ थांबता, तेवढा त्या दारापाशीही थांबा.

तुम्ही कुणी अशी बर्फघरं पाहिली आहेत का? आणि पेवांबद्दल कुणाला नीट माहिती असेल तर आईसाठी जरूर लिहा. तिने लहानपणी सांगलीजवळच्या हरिपुरात पाहिली होती.

---

विटेवरी | १८ मे, रात्री ११:०२

सुंदर धागा. मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे बर्फ टिकतो कसा यावर थोडं लिहितो.

पहिली गोष्ट, बर्फ वितळवायला लागणारी उष्णता. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवून शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे बर्फ मुळातच चिवट आहे.

दुसरी, आकारमान. एक-एक मीटरचे ६४ ठोकळे सुटे ठेवले तर हवेला उघडा पृष्ठभाग होतो ३८४ चौरस मीटर. तेच ६४ ठोकळे रचून चार मीटरचा एक मोठा ठोकळा केला तर ९६. बर्फ तेवढाच, पण उष्णता शिरायची वाट चौपट कमी. म्हणून धुमशाने ठोकून एकसंध ढीग करायचा, आणि म्हणून खड्डा चौकोनी न करता अंड्यासारखा.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीची, ती तळाची मोरी. वितळलेलं पाणी साचलं की पेंढा भिजतो, आणि भिजलेला पेंढा उष्णता अडवत नाही. पण मोरी सरळ बाहेर काढली तर तिच्यातूनच गरम हवा आत येणार. म्हणून मोरीला पाण्याचा अटकाव द्यायचे. आपल्या बाथरूमच्या नळीला जो बाक असतो, तेच तत्त्व.

---

खडेमीठ | १९ मे, सकाळी ७:२०

ओलीवाट, हाडांच्या जमिनीबद्दल वाचताना अंगावर काटा आला.

पण हा बर्फ खायचा कसा? तळ्यातला म्हणजे त्यात पानं, चिखल, सगळंच आलं.

---

ओलीवाट | १९ मे, सकाळी ८:०५

खडेमीठ, बरोबर विचारलंत. पेल्यात सहसा घालायचेच नाहीत. बर्फ भांड्याच्या बाहेर असायचा. वाइनच्या बाटल्या त्यात खुपसायच्या, मासे आणि हरणाचं मांस त्याच्यावर ठेवायचं, आणि गोड पदार्थ गोठवायला कथलाचं भांडं बर्फ-मिठाच्या बादलीत ठेवून फिरवायचं. म्हणजे तुमचं नाव त्या बादलीतच आहे. :)

---

खडेमीठ | १९ मे, सकाळी ८:३१

अगं, म्हणजे आमचं पॉटचं आइस्क्रीमच की हे! मे महिन्यात मामाकडे नाशिकला सगळी भावंडं गच्चीवर गोल बसायचो. मधे लाकडी बादली, तिच्यात बर्फ आणि मूठ-मूठ खडेमीठ, आणि आतल्या भांड्याचा दांडा पाळीपाळीने फिरवायचा. दांडा जड झाला की आइस्क्रीम झालं. मिठाने बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली जातो, हे शाळेत शिकायच्या आधी आम्हाला बोटांनी कळलं होतं.

---

फोर्टातला | १९ मे, दुपारी १:१५

मुंबईकरांसाठी हा धागा अगदी आपल्या दारात येतो.

मुंबईतही बर्फघर होतं. मात्र ते तळ्यातल्या बर्फासाठी नव्हतं, कारण आपल्याकडे तळी गोठत नाहीत. इथला बर्फ अमेरिकेहून यायचा. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा त्या धंद्याचा मुख्य माणूस. १८३३ साली त्याने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, आणि तरी सुमारे १०० टन बर्फ कलकत्त्यात उतरला. विटेवरींनी वर सांगितलेलं गणितच जहाजाच्या पोटात मांडलेलं: घट्ट रचलेला बर्फ आणि भोवती लाकडाचा भुसा.

मुंबईत बर्फ १८३४ साली आला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांनी तो मागवला होता. त्याच सुमारास जमशेटजी जीजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं, आणि यजमान आणि पाहुणे सगळेच सर्दीने आजारी पडल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली.

पुढे १८४३ साली लोकवर्गणीतून अपोलो स्ट्रीटवर, स्कॉटिश चर्चच्या समोर, घुमटाचं बर्फघर उभं राहिलं. १९२०च्या दशकात ते पाडलं. आज त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. आणि अपोलो स्ट्रीटचं आजचं नाव काय? मुंबई समाचार मार्ग. सर्दीची बातमी छापणाऱ्या पत्राचंच नाव त्या रस्त्याला आहे. मी रोज दुपारी तिथून जातो.

मद्रासचं बर्फघर मात्र अजून उभं आहे. १८४२चं, मरीना किनाऱ्यासमोर. १८९७ साली स्वामी विवेकानंद परदेशातून परतल्यावर तिथे राहिले होते. आता ते विवेकानंदर इल्लम, पण त्या भागाला आजही लोक आइस हाऊसच म्हणतात.

---

मचवा | १९ मे, संध्याकाळी ७:४८

मी हर्णैचा. बर्फ, भुसा वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या बंदरावर बर्फाशिवाय पान हलत नाही. लहानपणी लादी यायची ती भुशात लोळवलेली, वरून गोणपाट. वडील सांगायचे, लादी उन्हात दिसू द्यायची नाही आणि वाऱ्याला तर अजिबात नाही. उन्हापेक्षा वारा वाईट. पावसाळी दमट हवेत लादी लवकर झिजते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत.

त्यामागे शास्त्र आहे की नुसता अनुभव?

---

विटेवरी | १९ मे, रात्री ९:१०

मचवा, तुमच्या वडिलांचं शंभर टक्के बरोबर. दमट हवेतली वाफ थंड बर्फावर जमून पाणी होते, आणि वाफेचं पाणी होताना बरीच उष्णता बाहेर पडते. ती थेट बर्फात जाते. आणि वाऱ्याने दर क्षणाला नवी गरम हवा येऊन टेकते. त्या दोन-तीन दारांचं काम तेच आहे. माणूस आत शिरला की मागचं दार आधी लावायचं, मग पुढचं उघडायचं. मधल्या जागेतही पेंढा कोंबून ठेवायचे. डेव्हनच्या इस्टेटीत आणि हर्णैच्या बंदरात माणसं एकाच निष्कर्षाला आली.

---

बखरीचं पान | २० मे, सकाळी ११:००

बर्फ हा आपला शब्दच फारसीतून आलेला आहे, आणि फारसीत बर्फाला आणखी एक शब्द आहे, ‘यख’. इराणच्या वाळवंटात ‘यखचाल’ असायचे, म्हणजे बर्फाचा खड्डा. वर मातीचा उंच शंकूसारखा घुमट. मेबोदचा यखचाल आजही पाहायला मिळतो. त्याच्याही मागे जायचं तर मेसोपोटेमियातल्या मारीच्या राजाने, झिम्रीलिमने, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बर्फघर बांधल्याचा मातीच्या पाटीवरचा लेख सापडला आहे. त्या मानाने इंग्लंड फार उशिरा आलं. तिथलं नोंदलेलं पहिलं बर्फघर १६१९चं, पहिल्या जेम्स राजाचं, ग्रिनिचला.

आपल्याकडे उत्तरेत दुसरी एक युक्ती होती. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली अलाहाबादकडचं वर्णन लिहून ठेवलं आहे. दोन फूट खोल चौकोनी खड्डे खणायचे, त्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं पसरायची, आणि त्यावर उथळ, झिलई न दिलेली मातीची भांडी ओळीने मांडून उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पहाटेपर्यंत त्यावर बर्फ धरायचा. हवा शून्यापर्यंत गेलेली नसतानासुद्धा. उघड्या आकाशाकडे पाणी आपली उष्णता टाकत राहतं आणि खालून ताटांमुळे जमिनीची ऊब पोचत नाही. सूर्य उगवायच्या आत तो बर्फ गोळा करून चौदा-पंधरा फूट खोल खड्ड्यात ठोकून ठेवायचे. खड्ड्याला आतून पेंढा आणि वर घोंगड्यासारखं जाड कापड.

दख्खनमध्ये एवढी थंडी नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीतरी दव गोठतं, त्याची दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. म्हणून आपल्याकडे पाणी गार करायची रीत वेगळी: सोऱ्याच्या (सॉल्टपीटर नावाच्या क्षाराच्या) पाण्यात सुरई फिरवायची, वाळ्याचे पडदे भिजवायचे. सोऱ्याने पाणी गार करण्याची नोंद अबुल फजलने अकबराच्या संदर्भात केली आहे. आणि आपल्या मराठेशाहीतल्या अठरा कारखान्यांत, म्हणजे दरबारच्या खात्यांत, आबदारखाना होताच. पिण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र खातं असावं, एवढं ते महत्त्वाचं होतं.

---

टेम्सकाठी | २० मे, रात्री १०:२२

लंडनमधून भर. रीजंट्स पार्कजवळ पार्क क्रेसेंटच्या खाली १७८०च्या दशकातली विटांची बर्फविहीर पुरातत्त्वज्ञांना सापडली, २०१८ साली ती जाहीर झाली. साडेसात मीटर रुंद, साडेनऊ मीटर खोल. वरच्या इमारती दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात पडल्या, विहीर मात्र शाबूत राहिली. १८२०च्या दशकात विल्यम लेफ्टविच नावाचा बर्फाचा व्यापारी ती वापरायचा. १८२२चा हिवाळा उबदार गेला, तळी गोठली नाहीत, तेव्हा त्याने नॉर्वेहून ३०० टन बर्फ आणवला.

क्यू गार्डनमध्येही अठराव्या शतकातलं बर्फघर आहे, मातीच्या ढिगाखाली. तिथे येणाऱ्यांची नजर जाते ती विल्यम चेंबर्सच्या पॅगोड्याकडे. १७६२चा, दहा मजली, १६३ फूट. त्याच्या छपरांच्या कोपऱ्यांवरचे ८० लाकडी ड्रॅगन १७८४ साली काढले होते, ते २०१८ साली नव्याने बसवले. ओलीवाट म्हणतात तसंच: एक वर मांडलेलं, एक खाली पुरलेलं.

---

रानजाई | २१ मे, सकाळी ९:४०

शोभेच्या वास्तूंबद्दल कुणी लिहीना, म्हणून मी लिहिते.

अशा वास्तूंना इंग्रजीत ‘फॉली’ म्हणतात. बांधतानाच मोडका बांधलेला मठ, कुणी राहत नाही असा किल्ल्याचा बुरूज, आत देव नसलेलं ग्रीक देऊळ. चालणाऱ्याला वळणावर काहीतरी दिसावं, एवढाच हेतू. सरीमधल्या पेन्सहिलला चार्ल्स हॅमिल्टनने १७३८पासून पस्तीस वर्षं घालवून अशी बाग उभी केली. गॉथिक मंडप, तुर्की तंबू, स्फटिकांनी मढवलेली गुहा. गुहेत वरून लोंबणारे खडक खरे नाहीत. लाकडाच्या सांगाड्यावर स्फटिकाचे तुकडे एकेक करून चिकटवले आहेत. आत पाण्यावरून उजेड परावर्तित होतो तेव्हा सगळं छत हलल्यासारखं दिसतं. १७७३ साली हॅमिल्टनला कर्जापायी हे सगळं विकावं लागलं.

पण मला सांगायचं आहे ते सेझिनकोटबद्दल. कॉट्सवोल्ड्समध्ये आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने आपला भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याच्याकडून मोगली घुमटाचा बंगला बांधून घेतला, आणि बागेतल्या वास्तूंची कल्पना दिली चित्रकार टॉमस डॅनिएलने. डॅनिएल काका-पुतणे हिंदुस्थानात सात-आठ वर्षं हिंडले होते, १७९३ साली मुंबईत होते, घारापुरीची लेणी त्यांनी पाहिली होती. मी गेले तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. ओढ्याच्या काठाने खाली उतरले, पुलाखाली वाकून गेले आणि थांबलेच. पुलाला जे खांब आहेत ते घारापुरीच्या खांबांवरून घेतलेले. वर पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेले. पलीकडे वरच्या तळ्याशी सूर्याचं देऊळ. ग्लॉस्टरशरच्या पावसात, शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवून मी घारापुरीच्या आठवणीने रडले, हे इथे सांगायला संकोच वाटत नाही.

---

कंदील | २१ मे, दुपारी २:०५

रानजाई, तुमचं लिखाण मनाला भिडलं. तरी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही.

या तळ्यांचा, देवळांचा, बर्फघरांचा पैसा कुठला? बॅसिल्डन पार्क बांधणारा फ्रान्सिस साइक्स बंगालमधून गबर होऊन आला. क्लेअरमाँट क्लाइव्हने १७६८ साली विकत घेतलं आणि बागा आखणाऱ्या केपेबिलिटी ब्राउनकडून नवा बंगला उभारला. त्यानंतर दोन वर्षांत बंगालमध्ये दुष्काळ पडला. नॅशनल ट्रस्टने स्वतःच २०२० साली अहवाल काढून आपल्या ९३ जागांचा गुलामगिरीशी आणि वसाहतींशी संबंध सांगितला. घारापुरीचे खांब तिथे पाहून तुम्हाला रडू आलं, मला संताप आला असता.

---

रानजाई | २१ मे, संध्याकाळी ६:३०

कंदील, संताप मलाही आला, तो परतीच्या गाडीत. दोन्ही खरं आहे. मला एवढंच वाटतं की ते खांब घडवणारा पाथरवट ग्लॉस्टरशरचा असणार, त्याने घारापुरी कधी पाहिली नसणार, आणि तरी त्याने चित्रावरून तो जाड, फुगीर घाट पकडला. त्या हाताबद्दल मला आदर आहे. कॉकरेलबद्दल नाही.

---

टेम्सकाठी | २१ मे, रात्री ८:५५

नुसता कंपनीचाच पैसा नाही, इथल्या गरिबांनाही किंमत मोजावी लागली. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनला बंगल्याच्या खिडकीतून दिसणारं बाजाराचं गाव नको होतं. १७८०च्या सुमारास त्याने गाव पाडलं आणि लोकांना दरीआडच्या नव्या गावात हलवलं. ते मिल्टन अ‍ॅबास. आज लोक त्याची सारखी दिसणारी पांढरी, गवताने शाकारलेली घरं बघायला जातात. जुन्या गावाच्या जागी हिरवळ आणि तळं आहे. धरणाखाली गावं गेलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

---

सातूचं पीठ | २२ मे, सकाळी १०:१२

उलट बाजूचंही एक उदाहरण. आयर्लंडमध्ये १७४०-४१ साली भयंकर थंडी आणि दुष्काळ पडला. किल्डेअरमधल्या कासलटाउनच्या विधवा मालकीणबाई कॅथरीन कॉनोली यांनी गावातल्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून एक वास्तू बांधायला घेतली. कमानीवर कमानी आणि वर टोकदार मनोरा, १४० फूट. उपयोग शून्य. पण त्या हिवाळ्यात मजुरी मिळाली. लखनौचा बडा इमामबाडा १७८४च्या दुष्काळात असाच सुरू झाला.

माझी आजी बीड जिल्ह्यातली. ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, कडेला बांधलेल्या झोळीत माझे वडील. सुकडी मिळायची, त्यावर दिवस काढला. तिने फोडलेल्या खडीचा रस्ता अजून आहे. लोक ‘फॉली’ला निरुपयोगी म्हणतात तेव्हा मला कासलटाउनच्या त्या मजुरांचं म्हणणं ऐकावंसं वाटतं.

---

कंदील | २२ मे, सकाळी ११:४०

सातूचं पीठ, हे माहीत नव्हतं. पण लखनौचं सोडलं तरी कॉनोलीबाईंसारख्या मालकांकडेच धान्याची कोठारं होती, आणि तिथे जगण्यासाठी लोकांना आधी मनोरा बांधावा लागला, हेही लिहून ठेवतो. आजींना नमस्कार.

---

हरिपूरकर | २२ मे, रात्री ९:२५

ताई, धागा उशिरा दिसला. मी हरिपूरचाच. आमच्या आजोबांची दोन पेवं होती.

तुमच्या आईंनी एका नजरेत ओळखलं, त्याचं कारण आकार. पेवाचं तोंड बारकं, माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत गेलं की रांजणासारखं पोट सुटलेलं. वीस-पंचवीस फूट खोल. आमच्याकडची माती चिवट आणि कोरडी, ती पडत नाही, म्हणून इथंच पेवं जास्त. विटा नाहीत, नुसती माती. आत पाला, चटया लावायच्या आणि हळद भरायची. तोंड बंद करून वर मातीचा थर. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही, रंग उतरत नाही. आत हवाच नाही तर कीड जगेल कशी?

पेव उघडणं हे जोखमीचं काम. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. घाई केलेली माणसं आत जाऊन परत आली नाहीत, अशा गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्यात. आजोबा कंदील सोडायचे तेव्हा आम्हा पोरांना बोलायचीसुद्धा बंदी. सगळे वाकून त्या ज्योतीकडं बघत बसायचे.

२००५च्या महापुरात कृष्णेचं पाणी शिरलं आणि पुष्कळ पेवं बसली. आमची दोन्ही गेली. आता गोदामं आणि शीतगृहं आहेत. जिथं आमची पेवं होती तिथं पावसाळ्यात अजून जमीन खचते.

---

ओलीवाट | २२ मे, रात्री ११:५०

हरिपूरकर दादा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. कंदिलाच्या ओळीपाशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

सगळ्यांचे आभार. विटेवरींनी मोरीबद्दल लिहिल्यावर आज मी एकटीच परत किलर्टनला जाऊन आले. आधी तीस माणसांचा विचार करताना मी फक्त बर्फ भरणाऱ्यांचा केला होता. आज त्या दारात उभी राहून लक्षात आलं की तीन वर्षं कुणीतरी रोज पहाटे आत जात असणार. ऊन चढायच्या आत मागचं दार लावायचं, कंदील खाली ठेवायचा, पेंढा बाजूला करायचा, लोखंडी सळईने बर्फ सुटा करायचा, बादली भरायची, पेंढा परत नीट बसवायचा. पेंढा बसवण्यात एक दिवस हयगय झाली असती तर सगळा ढीग कमी झाला असता. तिथे हरणांच्या हाडांची जमीन बघायला रांग होती, इथे मी एकटी.

कंदील, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पुढच्या वेळी कुणाला तिथे नेईन तेव्हा पैशाबद्दलही बोलेन.

एक सूचना, इकडे येणाऱ्यांसाठी. इंग्लंडमधल्या बऱ्याच बर्फघरांत आता हिवाळ्यात वटवाघळं झोपतात. गार, ओलसर, बारा महिने एकसारखी हवा त्यांना मानवते. १९८१च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, म्हणून नोव्हेंबर ते मार्च अशी बर्फघरं बहुधा बंद ठेवतात. बघायचं तर एप्रिलनंतर या.

---

मचवा | २३ मे, सकाळी ६:१०

पहाटे आत जाणाऱ्या माणसाबद्दल वाचून वडील आठवले. तेही मच्छी उतरायच्या आधी, चार वाजता लादी फोडायला बसायचे. हाताच्या भेगांना रात्री एरंडेल लावायचे.

---

हरिपूरकर | २३ मे, सकाळी ८:४५

ताई, आईंना विचारा, त्यांनी पाहिलेली पेवं संगमेश्वराच्या देवळाच्या अंगाला होती की सांगली रस्त्याच्या? जुन्या लोकांपैकी दोघं-तिघं अजून आहेत, ते जागा दाखवतील.

---

ओलीवाट | २३ मे, सकाळी ९:३०

विचारलं. देवळाच्या अंगाला म्हणते. कुणाच्या मालकीची ते आठवत नाही, पण शेजारी चिंचेचं मोठं झाड होतं आणि तोंडावर जात्याच्या तळीसारखा गोल दगड असायचा. ती दिवाळीनंतर सांगलीला परतेल. तेव्हा तुमच्याकडे घेऊन येईन.